निगेटिव्हमधली बेबी

“पन्नास वर्षं लोकांचे गाल रंगवले मी. आणि आता माझाच नातू मला सांगतो, आजी, आधी चष्मा पूस, मग बोल.”

आई हे कुणाला उद्देशून बोलत नव्हती. समोरच्याला ऐकू जाईल आणि तरी ‘तुला कुठे काय म्हटलं’ असं म्हणायला जागा राहील, इतक्या बेताच्या आवाजात पुटपुटायची तिची जुनी खोड होती. मधे फक्त एक काळा पडदा होता आणि पडद्याच्या अलीकडे, डार्करूममध्ये, बेबी उभी होती. त्यामुळे ते तिला कानाशी लागून बोलल्यासारखं ऐकू आलं आणि हसू फुटलं. एकोणसाठ वर्षांच्या बाईला बेबी म्हणणारी माणसं जगात आता तीनच उरली होती, आणि तिघंही पडद्यापलीकडे बसली होती.

डार्करूम आता नावाचीच. मोरीत मोडक्या ट्रायपॉडचे पाय उभे करून ठेवलेले, एनलार्जरवर जुनी चादर टाकलेली. पण लाल दिवा अजून लागत होता. बेबीने आल्याआल्या बटण दाबून बघितलं होतं. आणि तो वास, फोटो धुवायच्या हायपोचा, आंबट आणि थोडा धातूसारखा, भिंतींनी धरून ठेवला होता. बाबांच्या बोटांना हाच वास यायचा. लहानपणी ताप आला की ते कपाळावर हात ठेवायचे, आणि बेबीला वाटायचं, आपल्याला आता ट्रेमध्ये बुडवणार आणि आपण हळूहळू उमटणार.

दादाने फोनवर सांगितलं होतं, “साहेबांच्या पन्नास वर्षांच्या कारकिर्दीचं प्रदर्शन आहे. जुने फोटो सगळे आपलेच. तू ये बाई, बाबांचे डबे तुझ्याशिवाय कुणाला कळतायत?”

ते खरंच होतं. निगेटिव्हचे डबे कुणीही शहाणा माणूस तारखेने लावतो, नाहीतर गिऱ्हाइकाच्या नावाने. बाबा उजेडाने लावायचे. कोवळं ऊन एका फळीवर, ढगाळ दुसरीवर, दिव्याच्या उजेडातले खाली. लग्नाचं जोडपं आणि पालिकेच्या पुलाचं उद्घाटन एकाच डब्यात शेजारी शेजारी, का, तर दोन्ही दिवशी आभाळ सारखं होतं. “तारीख कुणाच्या लक्षात राहते?” म्हणायचे. “आभाळ राहतं.” लोक हसायचे. बेबी हसायची नाही, कारण तिच्याही आभाळच लक्षात राहायचं.

सकाळच्या बसने ती आली, दोन तासांत तीन डबे काढले आणि आता चौथा घेऊन पडदा सारून बाहेर आली.

“आली बघा आमची एक्सरेवाली,” वहिनी म्हणाली. “बस गं. किती उभी राहशील?”

बेबीने पस्तीस वर्षं इस्पितळात एक्सरे काढले होते. बापाचा धंदा सोडला असं कुणी म्हटलं की ती सांगायची, सोडला कुठे, चेहरे सोडले, हाडं धरली. हाडं पोज देत नाहीत.

स्टुडिओ बंद ठेवला होता, रविवार म्हणून आणि या कामासाठी म्हणूनही. मागच्या भिंतीवर बाबांनी रंगवलेला तलावाचा पडदा अजून होता, त्यातल्या एका हंसाची मान जरा जास्तच लांब झालेली. गिऱ्हाइकाला बसवायच्या उंच स्टुलावर दादा बसला होता, साठी उलटलेला, बाबांसारखाच पाठीत वाकलेला. आई खिडकीशी, रंगांच्या टेबलापाशी. तिथे आता रंग नव्हते, औषधांच्या बाटल्या होत्या. आणि जमिनीवर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप घेऊन सोन्या. दादाचा एकुलता एक. वय एकोणतीस, पण हे नाव काही सुटलं नव्हतं. गेली चार वर्षं साहेबांच्या प्रचार कार्यालयात होता. साहेब फीत कापतात, साहेब पाणी सोडतात, साहेब म्हातारीला मिठी मारतात, ते सगळे फोटो याचे.

“आत्या, हे बघ की,” त्याने एक निगेटिव्ह खिडकीकडे धरली. “हा कोण?”

“तो न्हावी. दर वर्षी वाढदिवसाला फोटो काढायला यायचा. डोक्यावर एकेक केस कमी.”

“आणि आई दर वर्षी चार केस काढून द्यायची ब्रशने,” दादा म्हणाला.

“सात,” आई म्हणाली. “चार त्याला कमी वाटायचे.”

सगळे हसले. मग एकेक निघत गेलं. कुणाची मावशी सख्ख्या बहिणीच्या फोटोत मुद्दाम डोळे मिटायची, कोणता मास्तर शाळेच्या फोटोत दरवेळी त्याच एका मुलाचा कान धरून उभा राहायचा, कोणत्या बाईने नवरा फोटोतून काढायला सांगितला आणि वर्षभराने परत घालून मागितला.

“घातला?” सोन्याने विचारलं.

“घातला की,” आई म्हणाली. “पण आधीच्या जागी दुसरं कुणी उभं होतं, म्हणून मागच्या रांगेत टाकला.”

दादा हसता हसता खोकला. “आणि बाबा कुणाचं कुणाला कधी बोलले नाहीत. केवढी भांडणं, केवढी प्रकरणं या खोलीतून गेली! पण बाबांचा नियम म्हणजे नियम. स्टुडिओत दिसलं ते स्टुडिओत राहिलं.” त्याचा आवाज जड झाला. बाबांचा विषय निघाला की तो असा व्हायचाच. “तसा माणूस आता होणे नाही.”

“नाहीच,” बेबी म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

याच भरात, अगदी या उबेत, सोन्याने पिशवीतून कागद काढला. मुद्दाम वेळ साधली असं नव्हे. त्याला वाटलं, सगळे खुशीत आहेत, तर होऊन जाईल.

“आत्या, एक छोटीशी सही हवी होती.”

बेबीने चष्मा लावला. कागद टाईप केलेला होता, दोनच परिच्छेद. खाली तिचं पूर्ण नाव, लग्नानंतरचं, आधीचं कंसात. वर लिहिलं होतं की मी तरुणपणी आमच्या स्टुडिओच्या कामासाठी साहेबांच्या घरी आणि कार्यालयात वारंवार जात असे, अनेकदा एकटी. साहेबांनी मला नेहमी मुलीसारखं वागवलं. त्यांच्या वागण्यात मला कधीही काही वावगं आढळलं नाही. सध्या चाललेली चर्चा ही एका ज्येष्ठ नेत्याच्या खाजगी आयुष्यावरची चिखलफेक आहे, असं माझं मत आहे.

“माझं मत तूच टाईप करून आणलंस होय रे?”

“ऑफिसने दिलं. पाच वाजता माणूस येणार आहे न्यायला. उद्या छापायचंय.”

ही चर्चा कशाची, ते कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. तीन आठवडे तेच चाललं होतं. तीन बायका पुढे आल्या होत्या. एक साहेबांकडची जुनी टायपिस्ट, एक शाळामास्तरीण आणि तिसरी सव्वीस वर्षांची, गेल्या निवडणुकीत कार्यालयात कामाला होती. तिघींनी नावानिशी तक्रार दिली होती. साहेबांनी आपल्यावर हात टाकला, दार लावून. साहेबांची माणसं म्हणत होती, ही त्यांची खाजगी बाब.

“म्हणजे डबे काढायला नव्हतं बोलावलं मला,” बेबी दादाला म्हणाली.

दादाने स्टुलावरून खाली बघितलं. “दोन्हीला. डबे पण होतेच ना.”

“बेबी, त्याचं कौतुक म्हणून सांगते,” वहिनी पुढे सरकली, “त्याला आता प्रचार विभागाचा प्रमुख करतायत. तेवढं प्रदर्शन पार पडलं की. दोनच तर परिच्छेद आहेत. तुझं काय जातंय?”

बेबीने कागद मांडीवर ठेवला. या सोन्याला तिने वाढवलं होतं म्हणायला हरकत नाही. दर सुट्टीत तो तिच्याकडे यायचा, इस्पितळाच्या बाकावर बसून तिची ड्युटी संपायची वाट बघायचा. तिला स्वतःचं मूल नव्हतं. त्याला काही नाही म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

“तू वाचलंस का रे, त्या तिघींनी काय सांगितलंय ते?”

“वाचलं. आत्या, मी म्हणत नाही साहेब देव आहेत. पण माणसाने काम काय केलं ते बघायचं की त्याच्या खोलीत काय झालं ते? तू ज्या इस्पितळात नोकरी केलीस ते कुणी बांधलं? पाणी कुणी आणलं? आजी डोक्यावरून पाणी आणायची, विचार तिला. हे दोन माणसांमधलं आहे. खाजगी.”

“दोन माणसांमधलं असतं तर दोघांनी मिळून लपवलं असतं,” वहिनी पटकन बोलून गेली, आणि मग आपण कुणाच्या बाजूने आहोत ते आठवून तिने चहाचे कप गोळा करायला घेतले.

“आई, तू कुणाची वकील?” सोन्याने विचारलं.

“मी कप धुते.”

“बाबांचाच नियम घे ना,” दादा म्हणाला. “बाबांनी बघितलं नसेल का काही इतक्या वर्षांत? मोठमोठ्यांची लफडी. पण ते म्हणायचे, ते त्यांचं त्यांच्यापाशी.”

“दादा, बाबा ज्याचा चेहरा त्याचं गुपित म्हणायचे,” बेबी म्हणाली. आवाज तिने खालीच ठेवला होता. “त्या बाईने नवरा काढायला सांगितला, ते तिचं खाजगी. म्हणून बाबा बोलले नाहीत. टायपिस्टचा हात धरला, दार लावलं, ते साहेबांचं खाजगी कसं? असलंच तर ते तिचं खाजगी होतं. आणि तिने ते आता चारचौघांत सांगितलंय. मग दडवायला राहिलं कुणाचं?”

सोन्याने मान खाजवली. “पण इतक्या वर्षांनी का?”

बेबीच्या पर्समध्ये त्या वर्तमानपत्राचं घडी घातलेलं पान होतं. सव्वीस वर्षांच्या मुलीने सांगितलं होतं की मी दाराकडे सरकले तेव्हा ते हसून म्हणाले, ‘घाबरतेस काय, खाणार आहे का मी तुला?’ बेबीने ते वाक्य वाचलं तेव्हा ती स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी होती. चाळीस वर्षं झाली होती, पण शब्दांची जागासुद्धा बदलली नव्हती.

ती तेव्हा एकोणीस वर्षांची. साहेब सदतीसचे, नुकतेच निवडून आलेले, देखणे. छोटे छोटे नमुन्याचे फोटो त्यांच्याकडे घेऊन जायचे, ते लाल पेन्सिलने हवे त्यांवर खूण करायचे, ते परत आणायचे. हे काम बेबीचं. तिला आवडायचं. त्यांच्याकडे पुस्तकांचं मोठं कपाट होतं, आणि ते तिला नेहमी विचारायचे, कोणतं हवं? त्या गुरुवारी त्यांनी ते विचारलं नाही. दार लावलं. पुढची काही मिनिटं बेबीने कधी शब्दांत लावली नव्हती. लाल पेन्सिल खाली पडून तिचं टोक मोडलं, ते आठवत होतं. आपण खिडकीची कडी उघडायचा प्रयत्न केला, ते. स्वेटरच्या खांद्याची शिवण टरकन उसवली, ते. मग बाहेर कुणीतरी जिना चढत आलं, आणि त्यांनी केसांवरून हात फिरवून स्वतःच दार उघडलं.

घरी आली तेव्हा आई याच खिडकीशी एका नवरीचे गाल रंगवत होती. काडीला कापूस गुंडाळून, गोलगोल. बेबीने सगळं सांगितलं. आईने ऐकलं. एक गाल झाला होता, दुसरा राहिला होता. तो पुरा केला. मग म्हणाली, “स्वेटर दे इकडे, शिवून टाकते. आणि तुझ्या बाबांपाशी बोलू नकोस. ते जाऊन काहीतरी करून बसतील.”

हे शेवटचं वाक्य बेबीने आयुष्यभर जपलं होतं. बाबा जाऊन काहीतरी करून बसले असते. त्यांना कळलं नाही म्हणून काही केलं नाही. पुढच्या गुरुवारी साहेबांच्या घरी कुटुंबाचा फोटो होता, आणि उजेड परतवायचा रिफ्लेक्टर धरायला नेहमी बेबीच जायची. ती गेली. कारण नाही म्हटलं असतं तर बाबांनी का म्हणून विचारलं असतं. त्यानंतर मात्र तिने एक्सरेच्या कोर्सचा अर्ज भरला, वसतिगृहात राहायला गेली, आणि सगळे म्हणाले, पोरगी हुशार निघाली.

“तुला एक गंमत दाखवायची राहिली,” सोन्या म्हणाला. त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. “तो भिंतीवरचा फोटो आहे ना, साहेब आणि कुटुंब? मी या वेळी प्रिंटवरून नाही घेतला, निगेटिव्ह स्कॅन केली. सकाळी तूच काढून दिलेल्या डब्यातली. आणि बघतो तर काय! कडेला तू!”

भिंतीवरचा तो फोटो स्टुडिओत आल्याआल्या दिसायचा. साहेब, त्यांची बायको, दोन मुलं, मागे पुस्तकांचं कपाट. कपाट पूर्ण यायलाच हवं असा साहेबांचा हट्ट होता, त्यामुळे बाबांना कॅमेरा मागे न्यावा लागला, आणि उजव्या कडेला रिफ्लेक्टर धरलेली बेबी चौकटीत आली. एरवी कापून टाकली असती, पण कापली की कपाटही अर्धं जात होतं. तेव्हा आईने मोठ्या प्रिंटवर राखाडी रंगाचा हात फिरवून बेबीचा पडदा करून टाकला. चुण्यांसकट. असं स्टुडिओत नेहमीच व्हायचं. कुणाचा नोकर, कुणाचं कुत्रं, चुकून आलेला शेजारी, आईने सगळ्यांचे पडदे आणि कुंड्या केल्या होत्या. मूळ निगेटिव्हला मात्र बाबा हात लावू द्यायचे नाहीत.

आता लॅपटॉपच्या पडद्यावर ती होती. एकोणीस वर्षांची, दोन वेण्या, अंगात स्वेटर.

“मी लगेच ऑफिसला पाठवला!” सोन्या म्हणाला. “ते तर खूश! म्हणाले पत्राबरोबर हाच छापू. आमच्या घरची मुलगी साहेबांच्या घरात, त्यांच्या बायकामुलांबरोबर. याहून मोठा पुरावा काय? आत्या? काय झालं?”

“कधी पाठवलास?” बेबीने विचारलं.

“तासाभरापूर्वी. तू डार्करूममध्ये होतीस तेव्हा. विचारायला हवं होतं का? फोटो तर आपलाच आहे.”

वहिनी ओले हात पुसत आली आणि त्याच्या खांद्यावरून वाकली. “अगंबाई. पस्तीस वर्षं मी दर आठवड्याला ती काच पुसते. मला पडदाच वाटत होता.” ती हसणार होती. मग आणखी वाकली. “मोठं कर रे. तिचा चेहरा.”

सोन्याने चेहरा मोठा केला. मग वहिनीच्याच सांगण्यावरून हात. रिफ्लेक्टर म्हणजे एका बाजूला पांढरा कागद चिकटवलेली, दुसऱ्या बाजूने काळी, मोठी फळी. ती दोन्ही हातांनी छातीशी घट्ट आवळून धरलेली होती, बाहेरून कुणी ढकलत असताना दार धरून ठेवावं तशी. स्वेटरच्या उजव्या खांद्यावर शिवणीची रेघ होती. नवा दोरा जुन्या लोकरीवर उठून दिसत होता.

वहिनीने बेबीच्या मांडीवरचा कागद उचलला, नीट घडी घातली आणि सोन्याच्या हातात दिला.

“हे परत दे त्यांना.”

“आई! मघाशी तूच—”

“मघाशी मी फोटो बघितला नव्हता.”

“अगं पण काय आहे फोटोत? दादासाहेब, तुम्ही तरी सांगा हिला!” तो चिडला की बापाला दादासाहेब म्हणायचा.

दादा स्टुलावरून उतरला होता. तो जवळ आला, चष्मा कपाळावर ढकलला आणि नाक पडद्याला लागेल इतक्या जवळून बघू लागला. फोटो बघायची त्याची हीच पद्धत, बाबांनी शिकवलेली. आधी माणसं बघायची नाहीत. आधी उजेड कुठून आला ते बघायचं.

“रिफ्लेक्टर उलटा आहे,” तो म्हणाला.

“काय?”

“काळी बाजू पुढे आहे. पांढरी हिच्या अंगाकडे. उजेड साहेबांच्या अंगावर पडतच नाहीये. अर्धा चेहरा अंधारात गेलाय बघ. आईने प्रिंटवर उजळून घेतला असणार.” तो सावकाश बोलत होता, स्वतःलाच समजावत असल्यासारखा. “बेबी बावरली असेल, मान्य. पण बाबांनी बटण दाबलं कसं? मी एकदा फळी बोटभर कलती धरली होती तर त्यांनी सगळ्या वऱ्हाडासमोर मला झापलं होतं. त्यांना हे दिसलं नाही असं होणारच नाही. दिसलं, आणि ते हिला काही बोलले नाहीत. नीट धर म्हणालेसुद्धा नाहीत.” त्याने बेबीकडे बघितलं. “का गं?”

चाळीस वर्षांत बेबीने त्या दिवसाचं सगळं आठवलं होतं, आभाळसुद्धा, हलकं ढगाळ. पण बाबांनी रिफ्लेक्टर सरळ करायला सांगितलं नव्हतं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढलं होतं, तिच्याकडे बघितलं होतं, बराच वेळ, आणि पुन्हा आत गेले होते.

“जाऊ दे ना,” ती म्हणाली. “बावरले असेन. दादा, जाऊ दे.”

“नाही, पण—”

“सोन्या, पेन आण. करते मी सही. काय तुमचं एवढं! त्याचं काम अडतंय. करते आणि विषय संपवते.”

तिने कागद ओढून घेतला, घडी मोडली. तिला तो सगळा एकदम नकोसा झाला होता. कागद नव्हे, तो प्रश्न. दादाचा चेहरा तिला बघवत नव्हता. साहेबांचं काय व्हायचं ते होवो. पण या खोलीतला वास, उजेडाने लावलेले डबे, कपाळावरचा तो हात, एवढं तिचं तिला राहू दे.

सोन्याने पेन पुढे केलं. पण तोही काही दगड नव्हता. त्याने ते तिच्या हातात दिलं नाही, नुसतं धरून ठेवलं. “आत्या,” तो अगदी हळू म्हणाला, “तुला पण का?”

बेबीने त्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं.

“नको करू सही,” आई म्हणाली.

खिडकीकडून तो आवाज आला आणि सगळ्यांनी वळून बघितलं, कारण या वेळी ते पुटपुटणं नव्हतं. आई टेबलाला धरून उभी राहिली होती. वहिनी धरायला धावली, तर तिने हात झटकला.

“आई, तू बस,” दादा म्हणाला. “तुला त्रास होईल.”

“चाळीस वर्षं बसलेच आहे मी.” ती सावकाश चालत आली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलाला टेकली. लॅपटॉपच्या पडद्याकडे तिने एकदाच बघितलं. “ती शिवण माझी. घाईने घातलेली. दोरा पण जुळवला नाही मी.”

“आई, राहू दे,” बेबी म्हणाली. “मी कधी तुला बोलले का? मी समजू शकते. तू एकटी, आणि बाबांना कळलं असतं तर—”

“ऐक.”

“बाबांना नव्हतं ना कळलं? तूच म्हणाली होतीस, सांगू नकोस, ते काहीतरी करून बसतील.”

“तुला म्हणाले होते मी सांगू नकोस,” आई म्हणाली. “मी सांगितलं. त्याच संध्याकाळी.”

दादाने कपाळावरचा चष्मा काढला.

“सोन्या, तुझ्या साहेबांना आमच्या घरचा कागद हवाय ना? मी देते. घे लिहून. जसं सांगते तसं लिही, सुधारू नकोस.” तिने दम घेतला. नातवाने लिहायला सुरुवात केली. “लिही, माझी मुलगी एकोणीस वर्षांची होती. तुमच्या साहेबांनी तिच्यावर हात टाकला. ती रडत आली आणि तिने मला सगळं सांगितलं. मी तिच्या बापाला सांगितलं. त्या वर्षी ही जागा साहेबांनी आम्हाला मिळवून दिली होती. आम्ही दोघं या टेबलापाशी बसलो, दिवेलागणीपर्यंत बसलो. यांनी मला विचारलं, तू सांग काय करायचं. मी म्हटलं, तुम्ही सांगा. लिहिलंस?”

“लिहिलं, आजी.”

“आणि पुढच्या गुरुवारी आम्ही तिला पुन्हा त्याच घरात पाठवलं. आम्हाला माहीत होतं, आणि पाठवलं. मी एकटीने नाही. आम्ही दोघांनी.”